वरून पडतं ते: वानर-चितळ प्रकल्पाच्या नोंदी

ठिकाण: नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा काठ, गोंदिया जिल्हा. एमएस्सीचा प्रकल्प, जानेवारी ते जून २०२४. वहीतल्या नोंदी जवळपास जशाच्या तशा उतरवल्या आहेत, फक्त चहा-नाश्त्याचे हिशोब गाळले.

१० जानेवारी

परवानगीचं पत्र आज हातात पडलं. अर्ज ऑक्टोबरातला. फाईल या टेबलावरून त्या टेबलावर सरकेपर्यंत आवळ्याचा निम्मा बहर संपला. असो.

सोबतीला मामा आहेत. वनमजूर, तीसेक वर्षं याच बीटात (एका वनरक्षकाच्या हद्दीत) पायी फिरलेले. मी त्यांना मामा म्हणते, ते मला मॅडम. ऐकायला विचित्र वाटतं, पण सध्या इलाज नाही.

काम काय ते त्यांना सांगितलं. वानर झाडावर बसून खातं, खातं त्याहून जास्त सांडतं, आणि खाली चितळ ते टिपतं, असं सगळेच म्हणतात. मला ते मोजायचंय. मामा म्हणाले, "वानराचं उष्टं चितळ खाते, हे पोट्टेही सांगतीन. मोजून का भेटन?"

प्रश्न रास्त आहे. मी "डिग्री" म्हणाले.

१२ जानेवारी

तक्ता ठरवला. वानरांच्या टोळीमागे सकाळी साडेसहा ते अकरा आणि दुपारी तीन ते साडेपाच. दर दहा मिनिटांनी एक स्कॅन: वानरं कुठल्या झाडावर, काय खातायत, त्या झाडापासून २५ मीटरच्या आत चितळं आहेत का, किती, त्यात नर-माद्या-पाडसं किती. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा: कोण कुणाकडे आलं?

कारण दोघं एकत्र दिसले म्हणजे सोबत आले असं होत नाही. एकाच जंगलात, एकाच सावलीला, एकाच पाण्याला येणारी ही जनावरं. डोळे बांधून फिरली तरी अधूनमधून एकमेकांसमोर येतीलच. किती वेळा येतील त्याचं गणित आहे, वायूचे रेणू एकमेकांवर आपटतात त्या हिशोबाचं. टोळी ताशी किती चालते, कळप किती मोठा, चौरस किलोमीटरमागे किती कळप, हे घातलं की अपघाताने होणाऱ्या भेटींचा आकडा निघतो. प्रत्यक्षातल्या भेटी त्याहून बऱ्याच जास्त भरल्या, तरच पुढे बोलायचं.

टोळी: २२ वानरं, त्यात मोठा नर एकच, म्हणजे हुप्प्या. चालताना शेपटीचा आकडा पाठीवरून डोक्याकडे वळलेला. गोदावरीच्या दक्षिणेच्या वानरांची शेपटी याच्या उलट, मागे वळते. मामांनी हे कधी पाहिलं नव्हतं, कारण ते गोदावरीच्या पलीकडे कधी गेलेच नाहीत. एकदाचं मला माहीत असलेलं आणि त्यांना नसलेलं काहीतरी निघालं.

१७ जानेवारी

आवळा. वानरं अर्ध्या तासात दोन झाडं हिंडली. एक मादी जवळून दिसली. आवळा तोडते, एका बाजूने दोनदा चावते, हातात फिरवून बघते, टाकते. दुसरा तोडते. टाकलेल्यांतले निम्मे तर फक्त एका दाताच्या खुणेचे. खाली सहा चितळं, पाच माद्या आणि एक मिसरूड फुटल्यासारखा कोवळ्या शिंगांचा नर. त्यांना दाताची खूण चालते. अख्खा आवळा गिळतात, चावत बसत नाहीत.

मग मामांनी एक जागा दाखवली. तिथून दोनशे पावलांवर बांबूच्या बेटाआड चितळांची बसायची जागा. दाबलेलं गवत, लेंड्या, आणि मधोमध आवळ्याच्या बियांचा छोटा ढीग. स्वच्छ, गर नावालाही नाही. मी लेंड्यांतून पडल्या असं लिहायला घेतलं तर मामांनी थांबवलं. लेंडी फोडून दाखवली, आत बी नव्हती. चितळ आवळा गिळतं, सावकाश बसून रवंथ करतं, गर पोटात जातो आणि टणक बी तोंडातून बाहेर टाकली जाते. दक्षिणेत मुदुमलाईच्या जंगलात यावर रीतसर अभ्यास झालाय, पण ढिगाजवळ उकिडवं बसून बघणं वेगळं. ढिगातल्या दोन बिया उन्हाने तडकून सहा फाकांत उघडल्या होत्या, आतल्या बारक्या बिया उडालेल्या.

म्हणजे आवळ्याचा प्रवास असा: झाड, वानराचा हात, चितळाचं पोट, बांबूचं बेट. वानराने टाकला नसता तर आवळा पडला असताच, पण हळूहळू, पिकून, एकेक करत.

८ फेब्रुवारी

काटेसावर फुलली. वानर फूल तोडतं, देठाकडचा मांसल पेला खातं आणि पाकळ्या सोडून देतं. लाल पाकळी गरगरत खाली येते आणि जमिनीला टेकते न टेकते तोच चितळाच्या तोंडात. एक मादी तर वर बघतच नव्हती. मान खाली, कान मात्र वर. पाकळी पडल्याचा "थप्" आवाज झाला की त्या दिशेला दोन पावलं.

कान. हे वहीत दोनदा अधोरेखित केलंय.

गराडीच्या पट्ट्यात मात्र वानरं थांबलीच नाहीत. विषारी पाला, त्याला कुणी तोंड लावत नाही. जंगलात हिरवं दिसतं ते सगळं चारा नसतो. नकाशावर तो पट्टा वेगळा रंगवला.

२८ फेब्रुवारी

ताप. खोलीवर. वाचन.

कान्हात पॉल न्यूटन यांनी वानर आणि चितळांच्या सोबतीवर काम केलं, निबंध १९८९चा. माझा प्रश्न तोच आहे, फक्त पस्तीस वर्षांनी आणि फार कमी पैशांत. जपानच्या किंकाझान बेटावर तिथली माकडं झाडावरून पालवी-फुलं टाकतात आणि सिका हरणं खाली जमतात. २००७ साली त्यावर निबंध आला. तिथे हे मुख्यतः वसंताच्या सुरुवातीला होतं, गवत अजून पुरेसं उगवलेलं नसतं तेव्हा. याकुशिमा बेटावरही तीच जोडी. तिकडे बर्फ वितळल्यावरची तंगी, इकडे उन्हाळ्याची. म्हणजे बघायची गोष्ट वानर नाही, गवत आहे. जमिनीवर खायला असेल तर चितळ झाडाखाली येईल का?

दुसरी गोष्ट पोटाची. वानराचं जठर कप्प्याकप्प्यांचं, त्यात जिवाणू पाला आंबवतात, साधारण गाय-हरणाच्या धर्तीवर. फरक एवढा की वानर रवंथ करत नाही. दोघांचं स्वयंपाकघर सारखं असल्यावर एकाच्या ताटातलं दुसऱ्याला पचणार, यात नवल काय! गोड पिकलेलं फळ फार झालं तर अशा पोटाला आंबट होतं, म्हणून वानर कच्च्याकडे वळतं आणि पिकलेलं अर्धवट टाकतं. चितळाची पोळी नेमकी तिथे पिकते.

१४ मार्च

मोठी चूक सापडली.

वानरं कुसुमाच्या झाडावरून उतरून पुढे गेली, म्हणून मीही वही मिटून त्यांच्यामागे निघाले. मामा हलले नाहीत. "थांबा ना बाई. पंगत तं आत्ता बसन." (मॅडमची बाई कधी झाले कोण जाणे. बरं वाटलं.) बारा मिनिटांनी आठ चितळं आली. कुसुमाच्या लालभडक कोवळ्या डहाळ्या खाली विखुरल्या होत्या, त्या सगळ्या साफ करून गेली. वर एकही वानर नाही.

माझ्या तक्त्यात ही भेट शून्य. दोन महिने मी "वानर वर, चितळ खाली" असं एकाच वेळी दिसलं तरच खूण करत होते. वानर गेल्यावर येणारी चितळं मोजलीच नाहीत. मामांना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. विचारलं, सांगितलं का नाही? म्हणाले, "तुम्ही तं वानर मोजत होते."

आजपासून नवा नियम: वानरं गेल्यावर एक जण झाडाखाली एक तास बसणार. नवा रकाना, "मागाहून". जानेवारी-फेब्रुवारीची पानं फाडायची नाहीत, वर तांबड्या शाईने "अपुरं" लिहिलं.

२६ मार्च

काल धुळवड, सुट्टी. आज मोह. पहाटे मोहफुलं टपटपतात, वास आडवा येतो. गावातल्या बाया टोपल्या घेऊन उजाडायच्या आत झाडाखाली. जंगलातल्या मोहाखाली चितळं, वर वानरं, आणि माझा तक्ता खुशीत.

खुशी दुपारपर्यंत टिकली. वानर नसलेल्या चार मोहांखाली जाऊन बघितलं, तिथेही चितळं होती, तेवढीच. मोह स्वतःच फुलं गाळतो, त्याला वानराची गरज नाही. चितळ मोहाकडे येतं आणि वानरही मोहाकडेच येतं. एका लग्नात जेवायला भेटलेल्या दोन पाहुण्यांचं नातं लावण्यातला प्रकार. मोहाच्या नोंदी वेगळ्या ठेवल्या, हिशोबात धरणार नाही.

कुसुमाचं उलट. कुसुम कोवळा पाला आपणहून टाकत नाही, आणि तो असतो चितळाच्या टप्प्याच्या वर. जंगलात डोळे जरा बारीक केले की एक रेघ दिसते, साधारण माझ्या खांद्याइतकी, तिच्याखालची झुडपं ओरबाडलेली. मोठे नर मागच्या पायांवर उभे राहून तिच्या थोडं वर पोचतात. त्याच्या वरचं सगळं फक्त वानराच्या हातून.

५ एप्रिल

वजनाचा दिवस. कुसुमाखाली एक-एक मीटरच्या पाच चौकटी दोरीने आखल्या. वानरं वर असताना आम्ही लांब, ती गेल्यावर चितळं यायच्या आत धावत जाऊन पडलेलं गोळा करायचं आणि काट्यावर ठेवायचं. म्हणजे थोडक्यात मी आज चितळांच्या ताटातून पळवलं.

डहाळी बघण्यासारखी आहे. वीतभर लांब, टोकाशी चार संयुक्त पानं. वानराने टोकाची कळी आणि दोन पर्णिका (संयुक्त पानातली छोटी पानं) खाल्ल्या, बाकी जशीच्या तशी. मोडलेल्या जागी साल लोंबतेय, चीक अजून ओला. हाताने मोडलेली डहाळी आणि वाऱ्याने मोडलेली यांत फरक कळतो: वाऱ्याची बहुधा वाळकी असते.

घोळ: पहिली जुडी ११२ ग्रॅम. दुसऱ्या चौकटी उरकून पाऊण तासाने सहज परत ठेवली तर ८९. एप्रिलच्या उन्हात पाला वाऱ्याला लागला की वजन उडतं. आता प्रत्येक जुडी गोळा केल्या केल्या प्लास्टिकच्या पिशवीत, आणि शेवटी सगळं वाळवून कोरडं वजन. तेच खरं धरायचं.

१९ एप्रिल

लोकसभेचं मतदान. मामा बोटाला शाई लावून दुपारी आले. काम नाही.

२१ एप्रिल

कान हा मुद्दा डोक्यातून जात नाही. चितळ पाला पडलेला बघून येतं, वास घेऊन येतं, की वानरांचा आवाज ऐकून? जंगलात फांदी तोडून बघायची मला मुभा नाही, आणि नसावीही.

मामी म्हणाल्या, बकऱ्यांवर बघ. घरामागे पिंपळ, दावणीला पाच बकऱ्या. मामी आकडीने फांदी ओढतात तेव्हा काय होतं ते रोजचंच: आकडी काठीवर खटखटली की पाचही माना वर. आज आम्ही आकडी नुसतीच खटखटवली, पाला पाडलाच नाही. पाचही बकऱ्या दावं ताणून उभ्या. मग मी लांबून गपचूप पाला आणून मागच्या बाजूला ठेवला, आवाज न करता. दोन बकऱ्यांनी बराच वेळ बघितलंच नाही.

याला प्रयोग म्हणता येणार नाही, पाच बकऱ्या आणि तिसऱ्या वेळेला एकीने माझी वही खाल्ली (१२ एप्रिलचं पान, सुदैवाने रिकामं). पण एक कळलं. बकरीला आकडी जशी, तसं चितळाला वानर असावं. पाला दिसायच्या आधी पाला पाडणाऱ्याची चाहूल.

परत येताना गावाबाहेरच्या वडावर गावातलीच वानरं, आणि खाली दोन गायी आणि कुणाची तरी बकरी, वडाची फळं वेचत. मी वही काढली नाही. मामा हसले, "हे नाही लिहत का?"

लिहिलं.

९ मे

ऊन रणरणतं. पाणवठ्याच्या वर तेंदूची झाडं, वानरं पिवळी फळं फोडतायत, खाली अकरा चितळं. सात वाजून चाळीस मिनिटांनी एका चितळ मादीने पुढचा पाय आपटला, शेपटी वर, "टॅंव!" पुन्हा "टॅंव!" बाकीची थबकली. वर वानरं खातच राहिली. एकाने खाली बघितलं एवढंच. दोन मिनिटांत चितळंही पुन्हा तेंदू वेचायला.

आठ वाजून दहा. हुप्प्या सगळ्यात उंच फांदीवर. त्याने घशातून खर्जातला कोरडा खोकला काढला, "खॅक्, खॅक्". दुसरा खोकला येईपर्यंत खाली एक चितळ उरलं नव्हतं. नाल्याच्या पलीकडून बिबट निघाला, उतारावरून तिरका, कुणाकडे न बघता. आम्हाला तो वानराच्या आवाजानंतर मिनिटभराने दिसला.

मामांचा हिशोब: चितळ पानालाही ओरडते, वानर ओरडलं म्हणजे नक्की. सफारीतले गाईडही हेच सांगतात. चितळाला नाक आहे, पण ते वारा असेल तसं. वानराला उंची आहे. म्हणजे खाली येणाऱ्याला दोन गोष्टी मिळतात, पाला आणि पहारा. वानराला यातून काय? खाली उतरल्यावर आजूबाजूला जागी असलेली नाकं-कानं, हे पुस्तकात लिहितात. माझ्या नोंदींत वानरं चितळांकडे चालत गेल्याचे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातले बहुतेक पाण्याजवळ. येणं-जाणं जवळजवळ सगळं एका बाजूचं.

मी जानेवारीत प्रस्तावात "परस्पर मैत्री" असा शब्द वापरला होता. तो काढावा लागेल. मॅडमना (खऱ्या मॅडमना, माझ्या प्रकल्पाच्या मार्गदर्शकांना) आज मेल केला.

२३ मे

बुद्धपौर्णिमा. रात्रभर मचाणावर पाणवठ्याची नोंद. वानरं रात्री झोपलेली, चितळं रात्री एकटीच पाण्याला, दर घोटाला मान वर. दिवसा वानरांखाली खातात तेव्हा इतक्यांदा मान वर करत नाहीत असं वाटलं. वाटलं म्हणजे मोजलं नाही. मोजायला हवं होतं.

४ जून

एप्रिल-मेचं गणित लागलं. मोह वगळला, "मागाहून"चा रकाना धरला नाही, तरी भेटी अपघाताच्या आकड्याहून स्पष्ट जास्त. "मागाहून" धरला तर आणखी. जानेवारी-फेब्रुवारीचं काही बोलता येत नाही. नकाशावर भेटींच्या जागी फुल्या मारल्या तर त्या सगळ्या कोवळा पाला आणि फळझाडांभोवती. गराडीच्या पट्ट्यात एकही नाही, चितळं तिथे सावलीला बसत असूनसुद्धा.

२४ जून

परवापासून पाऊस लागला. जांभूळ पिकलंय. वानरं जांभळांवर तुटून पडली, तोंडं आणि हात निळे, खाली सडा. दीड तास बसले. एकही चितळ नाही. मुंग्या, एक लांडोर, आणि पाणी.

३० जून

माळाच्या बाजूने गेलो. आठवडाभरात जमिनीवर बोटभर हिरवी लव आलीय. तेवीस चितळं उघड्यावर, माना खाली, एका ओळीत सरकत चरतायत. शंभर पावलांवर बेहड्यावर आमचीच टोळी. वरून फांदी मोडल्याचा कडाड आवाज आला. दोन मादींनी कान वळवले. मान वर केली नाही.

मामांनी विचारलं, "का लिहिलं?"

"कान वळवले, असं."

"आन् आल्या नाही, ते?"

तेही लिहिलं. दोरीच्या चौकटी सोडवल्या, दोन ठिकाणी उंदरांनी कुरतडलेल्या. काटा पुसून डब्यात ठेवला, नागपूरला परत द्यायचा आहे, पावती मामींच्या ट्रंकेत.